वेताची पाठ, सागाचा सांगाडा

जुनी खुर्ची घ्यायला निघालेला माणूस सगळ्यात आधी तिची जाळी बघतो. वेत फाटलेला दिसला की पुढे सरकतो. जाळी ताजी, सोनेरी असली की थांबतो आणि भाव विचारतो. हा क्रम उलटा हवा, असं माझं ठाम मत आहे. वेताची वीण हा खुर्चीचा मुळातच झिजणारा आणि बदलायचा भाग आहे. शंभर वर्षांच्या खुर्चीवर मूळ जाळी शाबूत असेल, तर बहुधा त्या खुर्चीवर फारसं कुणी बसलेलंच नसतं. टिकतो तो सांगाडा. फाटक्या वेताची पण घट्ट सांध्यांची खुर्ची स्वस्तात मिळते आणि विणून घेतली की पुढची पिढीभर चालते. नव्या जाळीमागे खिळखिळा सांगाडा लपलेला असेल, तर मात्र पैसे गेले म्हणून समजावं.

हे आत्ता मांडायचं कारण म्हणजे जुन्या बैठकीला सध्या मोठी मागणी आहे. मुंबईत चोरबाजारातली मटन स्ट्रीट, जोगेश्वरी-ओशिवऱ्याकडची फर्निचरची दुकानं, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, गोव्यात वारसदार परदेशी गेल्यामुळे मोकळी होणारी घरं, अशा सगळ्या ठिकाणांहून खुर्च्या निघतात आणि नव्या फ्लॅटमध्ये जाऊन बसतात. त्यांतल्या कोणत्या घरात आणण्याजोग्या आहेत, कोणत्या नुसत्या बघण्याजोग्या आणि कोणत्या टाळण्याजोग्या, हे एकत्र पाहायला हवं.

वेत म्हणजे ताडाच्या कुळातली काटेरी वेल. बांबू पोकळ असतो, वेत आतून भरीव. आकड्यांसारख्या काट्यांनी दुसऱ्या झाडांना धरत ती जंगलात लांबच लांब चढत जाते. आग्नेय आशियातली जंगलं हे तिचं मोठं माहेर. आपल्याकडे सह्याद्रीत, केरळात, ईशान्येत आणि अंदमानात ती होते. खुर्चीच्या जाळीला लागते ती या वेलीच्या गुळगुळीत, चमकदार सालीची अरुंद पट्टी. आतला गाभा टोपल्यांना आणि गोल विणीच्या फर्निचरला जातो. सतराव्या शतकात पोर्तुगीज, डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांच्या जहाजांतून हा माल युरोपात पोचला. १६६१ च्या ज्या विवाह-तहाने मुंबई पोर्तुगिजांकडून इंग्रजांच्या राजाकडे गेली, त्याच सुमारास लंडनमध्ये वेताच्या पाठीच्या, हलक्या खुर्च्यांची लाट आली. ती इतकी जोरात होती की लोकरीचं कापड विणणाऱ्यांनी आणि गादीकाम करणाऱ्यांनी पोटावर पाय येतो म्हणून तक्रारी केल्या. म्हणजे साहित्य आशियातलं, घाट युरोपातला. मग तोच घाट साहेबांबरोबर इकडे आला आणि इथल्या सुतारांनी तो साग-शिसवात उतरवला.

इथे तो रुजला याचं खरं कारण हवा. एप्रिल-मे महिन्यात गादीच्या खुर्चीवर पाठ टेकून तासभर बसलं की सदरा ओला होतो. पावसाळ्यात कापसाची गादी दमट राहते, वास मारते. जाळीतून हवा खेळते, पाठ कोरडी राहते, धूळ साचत नाही. त्यात दोष एकच, तो म्हणजे ढेकूण. वेत ओवलेल्या भोकांत ते घर करतात. जुन्या घरांतून दर उन्हाळ्यात खुर्च्या अंगणात काढून त्यांच्यावर उकळतं पाणी ओतायची रीत होती ती यासाठीच. आजही जुनी खुर्ची घरात घेण्याआधी भोकांभोवती काळे ठिपके आहेत का, हे उजेडात नीट बघावं.

आपल्या घरांत खुर्ची उशिरा आली हेही लक्षात ठेवायला हवं. पाट, चौरंग, लोड-तक्के, ओसरीतला झोपाळा ही आपली बैठक. खुर्ची आली ती कचेरीतून, कोर्टातून, शाळेतून आणि गोव्यात चर्चमधून. तिच्याबरोबर मानापमानही आले. उत्तर हिंदुस्थानात तर साहेबासमोर खुर्चीवर बसायचा मान असलेल्यांना ‘कुर्सीनशीन’ म्हणून रीतसर दाखले मिळत. म्हणून इथल्या जुन्या खुर्च्यांत ऐटीच्या खुर्च्या बऱ्याच आणि आरामाच्या त्या मानाने थोड्या. घरासाठी निवडताना हा फरक फार कामाचा आहे.

ऐटीच्या खुर्च्यांत पहिला मान मुंबईच्या कोरीव शिसवी कामाचा. एकोणिसाव्या शतकात मलबारकडून येणाऱ्या काळ्या शिसवावर फोर्टातल्या मेडोज स्ट्रीटच्या परिसरातले कारागीर वेलबुट्टी, पक्षी, सिंहमुखं इतकी दाट कोरत की लाकडाचा सपाट भाग शोधावा लागे. पारशी आणि गुजराती धनिकांच्या दिवाणखान्यांत हे फर्निचर असे आणि बोटीतून विलायतेलाही जाई. कारागिरीला तोड नाही. पण दोन खोल्यांच्या घरात हे आणू नये, असं मी स्पष्ट सांगेन. कोरीव पाठ पाठीला टोचते. नक्षीच्या खोबणींत बसलेली धूळ ब्रशनेच काढावी लागते. एखादं पान तुटलं तर तसं कोरून देणारा हात आता सहज सापडत नाही. हे काम भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयासारख्या ठिकाणी सावकाश पाहावं.

गोव्याची गोष्ट वेगळी. तिथे खुर्ची चार शतकं घराचा भाग होती. पणजीच्या राज्य संग्रहालयात धर्मसमीक्षणाच्या (इन्क्विझिशनच्या) न्यायासनाचं म्हणून ठेवलेलं भलंमोठं मेज आणि त्याच्या उंच पाठीच्या खुर्च्या पाहिल्या की खुर्चीने धाक कसा घातला जातो ते कळतं. चांदोरच्या ब्रागांझा वाड्यातल्या दालनांत घराण्याची श्रीमंती मांडणाऱ्या खुर्च्या ओळीने आहेत. पण मला गोव्याचं खरं देणं वाटतं ते साध्या घरांतली वेताची लांब बाकं. दोन-तीन माणसं शेजारी बसतील अशी ही बाकं. पाठ तीन कमानींत विभागलेली, प्रत्येक कमानीत वेत, पाय सडसडीत. आजच्या फ्लॅटच्या हॉलला गादीच्या सोफ्यापेक्षा असं बाक जास्त शोभतं, कारण त्यातून आरपार दिसतं आणि खोली भरल्यासारखी वाटत नाही. फक्त भाव ठरवताना जाळीचं क्षेत्रफळ ध्यानात घ्यावं. तीन माणसांच्या बाकाची बैठक आणि पाठ विणायची म्हणजे चार-पाच खुर्च्यांचं काम, हे विकणारा सांगत नाही. आणि जिथे गोव्याच्या घराबाहेर बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, चिऱ्यांचे सोपे (बाकं) आहेत, तिथे ते सोपेच राहू द्यावेत. नव्या घरमालकांनी ते पाडून तिथे जुन्या खुर्च्या मांडलेल्या दिसतात तेव्हा वाईट वाटतं. येणाऱ्या-जाणाऱ्याशी दोन शब्द बोलायची ती जागा होती.

आता आरामखुर्ची. लांब हातांची, मागे कललेली, डोक्यापासून गुडघ्यांपर्यंत एकच सलग जाळी. मळेवाल्या साहेबांनी ती लोकप्रिय केली आणि कोकणातल्या, गोव्यातल्या, मलबारातल्या प्रत्येक खात्यापित्या घराच्या पडवीत ती जाऊन बसली. हिचे दोन प्रकार मिळतात. एकात हात मुळातच लांब आणि रुंद असतात. दुसऱ्यात मुख्य हाताखाली फळी असते, ती खिळीवर फिरवून पुढे काढायची आणि तिच्यावर पाय टाकायचे. दुसरा प्रकार जास्त हुशार आहे. पाय नको तेव्हा फळी आत जाते आणि जागा वाचते. घेताना ती फळी पूर्ण बाहेर काढून टोकावर हाताने भार द्यावा. खिळीभोवतीचं लाकूड चिरलं असेल तर पायाचं वजन पडताच फळी मोडते, आणि ही दुरुस्ती वेत विणण्यापेक्षा किचकट. सलग जाळीची दुसरी अडचण म्हणजे झोळ. जिथे कंबर टेकते तिथे वेत लवकर ताणला जातो. बारीक झोळ चालतो, तो ओला करून घालवता येतो. पण बसल्यावर आडवी काठी मांडीखाली लागत असेल तर पुन्हा विणायला हवी.

आरामखुर्चीबद्दल एक गोष्ट भावनेच्या भरात विसरली जाते. आजोबांची आठवण म्हणून ती घेतली जाते आणि घरातल्या वृद्धांना दिली जाते. पण तिची बैठक खोल आणि खाली कललेली असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यातून उठणं कठीण. ती तिशी-चाळिशीतल्या, पुस्तक घेऊन दुपारभर पडणाऱ्या माणसाची खुर्ची आहे. वृद्धांना द्यावी ती सरळ पाठीची, बळकट हातांची खुर्ची. आणि ज्यांना जागाही कमी आणि पैसाही बेताचा, त्यांनी घडीच्या कापडी आरामखुर्चीला कमी लेखू नये. लाकडी चौकट, मागे खाचांत अडकणारा दांडू, जाड पट्ट्यापट्ट्यांचं कापड. महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाची खरी आरामखुर्ची तीच. कापड कुठलाही शिंपी नवं शिवून देतो. लहान मुलं असतील तर दांडू खाचेतून निसटणार नाही आणि घडीत बोट सापडणार नाही एवढं मात्र पाहावं.

इराण्याच्या हॉटेलातली गोल पाठीची काळी खुर्ची सगळ्यांच्या ओळखीची. तिचा उगम मिखाएल थोनेट या जर्मन कारागिराकडे जातो. बीच लाकडाच्या काठ्या वाफेवर मऊ करून लोखंडी साच्यात वाकवायची पद्धत त्याने बसवली, मोराव्हियात बीचच्या जंगलाशेजारी कारखाना काढला आणि १८५९ मध्ये १४ क्रमांकाची खुर्ची बाजारात आणली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या करून भरल्या तर एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत. १९३० पर्यंत अशा पाच कोटी खुर्च्या विकल्या गेल्या होत्या. १८६९ मध्ये त्याचा एकाधिकार संपल्यावर याकोब आणि योजेफ कोन यांच्यासारखे स्पर्धक उतरले आणि त्यांचा मालही जगभर गेला. मुंबईच्या इराणी हॉटेलांनी या खुर्च्या घेतल्या, कारण त्या स्वस्त, हलक्या आणि धुवायला सोप्या. १९०४ ची कयानी, १९२३ ची ब्रिटानिया अशा हॉटेलांच्या ओळखीत ही खुर्ची मिसळून गेली.

त्यांच्या बैठकी सगळ्या वेताच्या नसत. वर्दळीच्या हॉटेलात वेत टिकत नाही, म्हणून भोकांची किंवा दाबलेल्या नक्षीची प्लायवुडची बैठक बसवलेली असे. त्यामुळे प्लायची बैठक दिसली म्हणजे खुर्ची खोटी, असं समजू नये. खुर्ची उलटी करून बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला पाहावं. तिथे कारखान्याचं नाव डागून उमटवलेलं किंवा कागदी चिठ्ठीचा तुकडा चिकटलेला असू शकतो. मागचे दोन पाय आणि पाठीची कमान एकाच लांब काठीची असायला हवी. मध्येच जोड दिसला तर तो मोडल्यावर केलेला आहे. आणि बीच हे सागासारखं नाही. आपल्या हवेत भुंगा त्याला लवकर लागतो. म्हणून या खुर्चीच्या बाबतीत मी लाकडाची तपासणी सगळ्यात कडक करेन.

या सगळ्या नामवंत घराण्यांपेक्षा माझा जीव ज्या खुर्चीवर आहे, ती कचेरीची. मामलेदार कचेरी, रेल्वे, कोर्ट, नगरपालिका, शाळेचं स्टाफरूम. सागाची सरळ चौकट, सपाट हात, बैठकीला आणि पाठीला वेत, मागच्या आडव्या पट्टीवर पांढऱ्या रंगात खात्याचं नाव आणि क्रमांक. हिच्यात नक्षी काही नाही. पण ती दिवसाचे आठ तास, वर्षानुवर्षं बसण्यासाठी केलेली असल्यामुळे तिचा तोल अचूक असतो. मेजाशी उंची जुळते, पाठ फार कलत नाही, हातांवर कोपर टेकतं. कार्यालयांनी चाकांच्या गादीच्या खुर्च्या घेतल्या तेव्हा या लिलावात निघाल्या आणि भंगाराच्या भावाने गेल्या. आजही जुन्या बाजारांत त्या रचून ठेवलेल्या दिसतात आणि गिऱ्हाईक त्यांच्यावरून नजर फिरवून कोरीव खुर्चीकडे जातं. लिहायच्या मेजासाठी, मुलांच्या अभ्यासासाठी, जेवणाच्या टेबलासाठी यांच्याइतकी चांगली जुनी खुर्ची दुसरी नाही.

हीच साधी सरकारी खुर्ची एका ठिकाणी जगप्रसिद्ध झाली. चंदीगड उभारताना नगराचा आराखडा करणाऱ्या ल कोर्बुझिएचा चुलतभाऊ पिएर जानरे याने १९५० च्या दशकात तिथल्या कचेऱ्या, न्यायालय आणि विद्यापीठासाठी सागवान-वेताच्या खुर्च्या आखल्या. उलट्या ‘व्ही’सारखे तिचे पाय ओळखीचे आहेत. या कामात युली चौधरी यांच्यासारखे भारतीय वास्तुरचनाकार होते आणि प्रत्यक्ष बनवणारे स्थानिक सुतार होते, त्यांची नावं कुणी नोंदवली नाहीत. पुढे या खुर्च्या छपरांवर आणि गोदामांत कुजत पडल्या, लिलावात कवडीमोलाने गेल्या आणि पॅरिस-न्यूयॉर्कच्या दालनांत प्रचंड किमतीला विकल्या गेल्या. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने त्यांच्या विक्रीवर बंदीचा आदेश काढला. त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. चांगल्या कार्यशाळा त्या आराखड्यावर नव्या खुर्च्या उघडपणे बनवू लागल्या, आणि बाजारात नकली ‘चंदीगड’चा सुळसुळाट झाला. पाठीवर रंगवलेली खात्याची अक्षरं हा अस्सलपणाचा पुरावा मानू नये, कारण अक्षरं रंगवणं ही नकलेतली सगळ्यात सोपी गोष्ट. घाट आवडत असेल तर नवी म्हणून विकली जाणारी नवी खुर्ची घ्यावी. त्यात फसवणूक नाही आणि सुताराला कामही मिळतं.

बाकीच्या बैठकीबद्दल थोडक्यात. १९३०-४० च्या दशकांतल्या मुंबईच्या गोलाकार हातांच्या खुर्च्या देखण्या असतात, पण त्यांच्यावर पातळ लाकडी पापुद्रा चिकटवलेला असतो आणि दमट हवेत तो सुटतो. कडा नखाने तपासाव्यात. झोपाळा घ्यायचा तर फळी आणि पितळी कड्या जुन्या चालतील, मात्र छताचे हूक नवे आणि स्लॅबच्या लोखंडाला धरलेले हवेत. पाट-चौरंग मिळाले तर जरूर घ्यावेत; सागाचा जाड पाट हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकाऊ जुनं आसन आहे.

तपासायचं कसं? खुर्ची आधी सपाट फरशीवर ठेवून कोपऱ्यांतून हलवावी. किंचित हेलकावा फरशीचाही असू शकतो, म्हणून जागा बदलून पुन्हा पाहावं. मग पाठीचा वरचा काठ आणि बैठकीची पुढची पट्टी धरून तिरकं ढकलावं. सांधे करकरले तर जुना सरस सुकला आहे. हे भिण्यासारखं नाही, सांधा उकलून, साफ करून पुन्हा चिकटवता येतो. भिण्यासारखे आहेत ते सांध्यावर ठोकलेले खिळे आणि लोखंडी पट्ट्या. कूस खाचेतच मोडली असल्याशिवाय सहसा कुणी खिळा ठोकत नाही, आणि खिळ्याने लाकूड फाटतं. नंतर खुर्ची उलटी करावी. खरं लाकूड खालूनच दिसतं, कारण तिथे पॉलिश पोचलेलं नसतं. पायांची टोकं पाहावीत. ओल्या फरशीवर कुजल्यामुळे ती कापून सारखी केलेली असतात आणि खुर्ची बुटकी होते. बैठकीची उंची टेप लावून मोजावी. जेवणाच्या टेबलाला साधारण ४३ ते ४६ सेंटिमीटर लागते. ४० च्या खाली गेली तर हनुवटी ताटाला लागेल.

भुंग्याची भोकं जुन्या लाकडात असणारच. प्रश्न भुंगा अजून आत आहे का हा आहे. खुर्चीखाली पांढरा कागद ठेवून सगळीकडे टिचक्या माराव्यात. ताजा, फिकट भुगा पडला तर किडीचा बंदोबस्त केल्याशिवाय ती घरात आणू नये, बाकीचं फर्निचरही जाईल. नुसतं रॉकेल पुसून हे काम होत नाही. वाळवीची गोष्ट निराळी. वाळवी आतून पोखरते आणि वरचं कातडं शाबूत ठेवते. जाड पेन्सिलीने ठोकून आवाज पोकळ येतो का ते पाहावं.

आणि शेवटी वेत. अस्सल हातविणीत चौकटीभोवती भोकांची रांग असते आणि प्रत्येक भोकातून पट्ट्या ओवलेल्या असतात. दोनदा उभ्या, दोनदा आडव्या, दोनदा तिरप्या, अशा सहा फेऱ्यांनी अष्टकोनी जाळी तयार होते. दुसरा प्रकार तयार जाळीचा. यंत्रावर विणलेला तागा कापून चौकटीच्या खाचेत ठोकतात आणि वरून वेताची दोरी दाबून बसवतात. हाही वाईट नाही, काही खुर्च्या मुळात तशाच बनलेल्या असतात. पण भोकांची रांग असताना ती बुजवून वर खाच पाडलेली दिसली, तर कुणीतरी विणकाम वाचवायला जुन्या खुर्चीचं लाकूड कापलं आहे. अशी खुर्ची मी घेणार नाही. प्लास्टिकच्या पट्टीने विणलेली मात्र बेलाशक घ्यावी. प्लास्टिक काढून टाकलं की भोकं जशीच्या तशी मिळतात.

इथे मूळ अडचण येते, आणि ती खुर्चीपेक्षा मोठी आहे. विणणार कोण? हे काम आपल्याकडे अनेक वर्षं अंध कारागिरांनी सांभाळलं. अंधांच्या शाळांत आणि कार्यशाळांत खुर्च्या विणायला शिकवत, कारण हे काम बोटांनी वाचता येतं. भोकं मोजायची, पट्टीचा ताण बोटांनी जोखायचा, तिरपी फेरी उभ्या-आडव्यांच्या मधून अचूक काढायची. सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्या विणायचं काम शक्यतो अंधांना द्यावं, अशा केंद्राच्या सूचना होत्या. कचेरीतून वेताची खुर्ची गेली आणि त्यांचं हे बांधलेलं काम आटलं. जुन्या खुर्च्यांच्या हौसेला या प्रश्नाशी जोडून घेतलं पाहिजे, असं मला कळकळीने वाटतं. आज दुकानदार खुर्ची ‘विणून तयार’ विकतो तेव्हा विणणाऱ्याच्या हाती त्यातलं किती पडतं हे गिऱ्हाईकाला कळत नाही. म्हणून फाटकी खुर्ची घ्यावी, आपल्या गावातली अंधांची संस्था किंवा स्वतंत्र कारागीर शोधावा आणि मजुरी थेट त्यांना द्यावी. घासाघीस करायचीच असेल तर दुकानात करावी. एका बैठकीला चांगल्या हाताचे काही दिवस जातात. वेतही महागला आहे. सर्वांत मोठा उत्पादक असलेल्या इंडोनेशियाने २०१२ पासून कच्च्या वेताची निर्यात बंद केली.

विणून आल्यावर काळजी सोपी आहे. वेतावर उभं राहू नये, गुडघा टेकू नये. भार एका ठिकाणी आला की पट्टी तुटते. उन्हात ठेवू नये. झोळ पडला तर खालच्या बाजूने ओल्या फडक्याने भिजवून सावलीत वाळू द्यावा, वाळताना वेत आकसतो आणि ताणला जातो. वरून पाणी लावून उपयोग नाही, चमकदार साल ते आत घेत नाही. लाकडाला चपडी लाखेचं पॉलिश पुरे. मेलामाइनचा जाड, चकचकीत थर दिला की सागाची घडण झाकली जाते आणि पुढची दुरुस्ती अवघड होते.

शेवटचा प्रश्न परदेशी राहणाऱ्यांचा, कारण घर विकताना आजोबांची खुर्ची तिकडे न्यायची इच्छा अनेकांना होते. शंभर वर्षांपूर्वीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते आणि अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू पुरावस्तू नाही, असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा लागतो. शिसवाला आणखी एक अट आहे. २०१७ पासून शिसवाच्या वंशातली सगळी झाडं आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण यादीत आहेत, त्यामुळे जड शिसवी खुर्चीला वेगळी कागदपत्रं लागतात. सागाला ती लागत नाहीत. खुर्ची जहाजाने जाणार असेल तर वेत इथे विणून घेऊ नये. प्रवासात तो दबतो, आणि तिकडे हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेत नवी पट्टी तडकते. सांगाडा दुरुस्त करून न्यावा, वेताची गुंडाळी सोबत न्यावी किंवा तिकडचा विणणारा शोधावा. आणि हीटरपासून खुर्ची दूर ठेवून अधूनमधून जाळीच्या खालच्या अंगाला ओलं फडकं फिरवावं.